पुपुसा : एल साल्वादोरमधील घरगुती पाककृतीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :
राजवंश व युद्धे यांच्याप्रमाणेच सामान्य जनांचा आहार हेही इतिहासलेखनाचे एक साधन आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात घरोघरी केली जाणारी, सारण भरलेली मक्याची जाड भाकरी म्हणजे 'पुपुसा' होय. शेजारच्या होंडुरासमध्येही ती रूढ असून तिच्या उगमावर दोन्ही देश हक्क सांगतात. प्रस्तुत लेखात या पदार्थाच्या आधारे मूलनिवासी समाज, वसाहतवाद व राष्ट्रीय अस्मिता यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

मका आणि मूलनिवासी ज्ञान :
होया दे सेरेन हे गाव इ. स. ६०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले व १९७६ मध्ये उजेडात आले. तेथील स्वयंपाकघरे, दळण्याचे पाटे व मक्याची शेते या प्रदेशातील मकाप्रधान आहाराची प्राचीनता सिद्ध करतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवल्याने साल सुटते, पीठ मळण्याजोगे होते आणि दाण्यातील नियासिन शरीरास उपलब्ध होते. युरोपीयांनी मका स्वीकारला, परंतु ही प्रक्रिया स्वीकारली नाही; परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला.

घरी पुपुसा करताना मऊ पिठाच्या गोळ्याची पारी करून तीत सारण भरतात, तोंड बंद करून तळहातांवर थापतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. सोबत आंबवलेल्या कोबीचे 'कुर्तिदो' असते. सारणातील घेवडा व लोरोको वेलीच्या कळ्या या स्थानिक. चीज व डुकराचे मांस मात्र १५२४ च्या स्पॅनिश स्वारीनंतर आलेल्या पशुधनाची देणगी होय. अशा प्रकारे एकाच भाकरीत दोन कालखंड एकत्र आलेले दिसतात.

दमन, स्थलांतर आणि मान्यता :
जानेवारी १९३२ च्या शेतकरी उठावानंतर लष्कराने केलेल्या हत्याकांडात दहा ते तीस हजार लोक मारले गेल्याचे अंदाज आहेत. मृतांत पिपिल मूलनिवासींची संख्या मोठी होती. भयापोटी अनेक कुटुंबांनी आपली नावात भाषा व पारंपरिक वेश यांचा त्याग केला. चुलीवरची पाककृती मात्र टिकून राहिली, कारण तिचे जतन स्त्रियांच्या हातांनी घरात होत होते. १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात लाखो लोक देशोधडीला लागले. अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक स्त्रियांना पुपुसाविक्रीने उपजीविका दिली. २००५ मध्ये एल साल्वादोरच्या विधिमंडळाने तिला राष्ट्रीय खाद्यपदार्थ घोषित करून नोव्हेंबरचा दुसरा रविवार 'राष्ट्रीय पुपुसा दिन' ठरविला.

निष्कर्ष :
ज्या राज्यसंस्थेने १९३२ मध्ये मूलनिवासींचे शिरकाण केले, तिनेच पुढे मूलनिवासी परंपरेतून आलेली भाकरी राष्ट्राचे प्रतीक म्हणून स्वीकारली. नावात भाषा मात्र आज लुप्त होण्याच्या मार्गावर आहे. पदार्थाला मान मिळाला म्हणून तो घडविणाऱ्या समाजाला न्याय मिळाला, असे मानता येत नाही. आहाराच्या इतिहासाचा अभ्यास करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते.