मॉर्फिन लिहायला शिकवणारी पदवी

बऱ्या न होणाऱ्या रुग्णाची शेवटपर्यंतची काळजी हा वैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय कसा झाला, हे आज बघू. मराठीत ‘उपशामक काळजी’ असा शब्द आहे, पण दवाखान्यात सगळे पॅलिएटिव्ह केअरच म्हणतात. मीही तेच म्हणतो.

यासाठी पदवी कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. आजारी माणसाचं करणं घराघरात चालतं, वॉर्डात सिस्टर करतात. बरोबर आहे. इतिहासही तिथूनच सुरू होतो.

सिसिली सॉन्डर्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग त्या हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये त्यांचा एक रुग्ण, पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित डेव्हिड तास्मा, कॅन्सरनं गेला. सॉन्डर्सना अशा रुग्णांसाठी जागा उभी करायची होती, त्यासाठी त्यानं मागे ५०० पौंड ठेवले. त्यानंतर त्या सेंट ल्यूक्स नावाच्या रुग्णालयात फावल्या वेळी मदतीला जाऊ लागल्या. तिथल्या सिस्टर मॉर्फिन ठरलेल्या वेळी, तोंडावाटे देत. इतर ठिकाणी रुग्ण कळवळला की इंजेक्शन, तोपर्यंत थांबायचं. इथे दुखणं परत येण्याआधीच पुढचा डोस. फरक एवढाच, पण रुग्ण शुद्धीत आणि शांत असे.

म्हणजे बघा, ज्ञान होतं आणि ते सिस्टरांकडे होतं. पण त्यांचं ऐकणार कोण? नॉर्मन बॅरेट या सर्जननी सॉन्डर्सना सांगितलं, मेडिकल शिका, मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच. तेहतिसाव्या वर्षी त्या मेडिकलला गेल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या.

१९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिसं आधीही होती, पण इथे सेवा, शिकवणं आणि संशोधन एकाच छपराखाली आलं. तिथे रॉबर्ट ट्विक्रॉस यांनी तपासलं की तोंडावाटे नियमित दिल्यावर हेरॉईन सरस की मॉर्फिन. फारसा फरक नाही, असं निघालं. ही गोष्ट लहान वाटते, पण नाही. हेरॉईन औषध म्हणून बहुतेक देशांत बंदच होतं, आता मॉर्फिनवर काम भागणार होतं. म्हणून ही पद्धत इंग्लंडबाहेर जाऊ शकली. कॅनडात बाल्फर माउंट यांनी तिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव दिलं, कारण फ्रेंच बोलणाऱ्यांना ‘हॉस्पिस’ म्हटलं की निराधारांचं आश्रयघर आठवे. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनांवरची पुस्तिका काढली, १९८७ मध्ये ब्रिटननं ही स्वतंत्र वैद्यकीय शाखा मानली.

आता आपल्याकडे. १९८६ मध्येच मुंबईत, वांद्र्याला, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ ला, अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला होता. व्यसनाला आळा घालण्याचा हेतू ठीकच होता, पण मॉर्फिनसाठी इतके परवाने लागू लागले की औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये अख्ख्या देशात औषध म्हणून वापर उरला जेमतेम १८ किलो. आणि हे कुठे? जिथे मंदसौर-नीमचकडे परवान्यानं अफू पिकते आणि औषधासाठी परदेशी जाते, त्या देशात!

माझ्या मते साठ्यापेक्षा मोठं नुकसान शिकवण्याचं झालं. ज्या प्राध्यापकानं स्वतः मॉर्फिन लिहिलं नाही, तो विद्यार्थ्याला डोस कसा वाढवायचा, सोबत बद्धकोष्ठावरचं औषध का द्यायचंच, हे काय शिकवणार? उरते ती फक्त व्यसनाची भीती. अशी एक पिढीच्या पिढी कॉलेजातून बाहेर पडली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवाना राज्याकडून एकच पुरेसा झाला. पण परवाना आला म्हणून लिहिणारा हात येत नाही.

तो हात तयार करायचं काम आधी कालिकतला सुरू झालं होतं. १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी तिथे संस्था काढली. पुढे तिथे डॉक्टरांसाठी आणि नर्ससाठी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम चालू लागले. ट्विक्रॉस तिथे येऊन शिकवत. मग २०१० मध्ये मेडिकल कौन्सिलनं शाखेला मान्यता दिली आणि २०१२ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पहिली एमडी सुरू झाली. वांद्रे ते परळ, एकाच शहरात, २६ वर्षं लागली.

एमडीमुळे काय झालं? विभाग आला, पदं आली, परीक्षा आली. आपल्याकडे ज्याची परीक्षा नाही तो विषय कुणी वाचत नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पण तीन वर्षांची एमडी करून बाहेर पडणारे असे किती असणार? जिल्ह्याच्या गावी, घरी, रुग्णापर्यंत पोचते ती नर्सच. केरळनं २००८ च्या धोरणात हे ओळखून पंचायतींमार्फत घरोघर जाणाऱ्या नर्सवर सेवा उभी केली. मात्र तिला मॉर्फिन लिहिता येत नाही. युगांडानं नऊ महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना तो अधिकार २००४ मध्येच दिला. आपल्याकडे तो अजून डॉक्टरकडेच आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.