बिनतारी बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, या म्हणींत थोडा उपहास आहे आणि थोडी कींवहि आहे. ज्याच्या दाराला कुलूप लावावयास दारच नाहीं, त्याच्याविषयीं गृहस्थाश्रमी माणसाला असेंच वाटावयाचें. अमेरिकेंतील स्टीव्हन रॉबर्ट्स या लेखकानें मात्र हें बिऱ्हाड आपण होऊन पत्करलें. १९८३ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथील स्थिर संसार आवरून तो टेकून बसून चालवावयाच्या एका लांबट सायकलीवर निघाला. बरोबर वहीएवढा संगणक व सूर्यप्रकाशावर वीज देणारें तावदान होतें. फिरत्या घरांबद्दल प्रसिद्ध असलेल्या 'विनेबागो' या नांवावर श्लेष करून त्यानें वाहनाला 'विनेबायको' म्हटलें. मराठी कानाला यांतून भलताच अर्थ ऐकूं येईल. पण तो दोष त्याचा नव्हे!

त्या सायकलीवर त्यानें सुमारें १०,००० मैल तोडले. दिवसा प्रवास करावा, मुक्कामीं लेख लिहावा आणि रस्त्याकडेच्या सार्वजनिक टेलिफोनवरून संगणकाच्या साहाय्यानें तो धाडून द्यावा, असा क्रम असे. उदरनिर्वाह चाले, परंतु एका टेलिफोनपासून दुसऱ्यापर्यंत प्रवासी एकटाच.

१९८६ सालीं सजविलेल्या दुसऱ्या सायकलीवर हौशी बिनतारी यंत्रें आलीं, तीं ही उणीव भरून काढावयास. वाटेंतून बोलणाऱ्या हौशांची परंपरा जुनी आहे. १९२३ सालीं मॅकमिलन यांच्या 'बोडोइन' या शिडाच्या जहाजावर डोनाल्ड मिक्स हा हौशी उत्तर ग्रीनलंडच्या बर्फांत हिवाळाभर राहिला, आणि त्याचे संदेश कॅनडांतील दुसऱ्या हौशानें टिपून घेतले. सायकलस्वाराला एवढ्या दूरच्या साहसाची गरज नसते. टेंकडीवर बसविलेलें पुनःप्रक्षेपक यंत्र त्याचा क्षीण आवाज उचलून अधिक शक्तीनें पसरवितें. म्हणून वेशीवर येणाऱ्या परक्यालाहि चारदोन वॅटांच्या जोरावर गांवांतल्या अनोळखी हौशांची विचारपूस करतां येते. रॉबर्ट्सची 'एन-४-आर-व्ही-ई' ही खूण हाच त्याचा कायमचा पत्ता झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याची सोबतीणहि दुसऱ्या सायकलीवर असे, आणि तीहि परवानाधारक होती. हौशी परवान्यावर व्यापारी निरोप पाठविण्यास मनाई असल्यामुळें पोटाचा व्यवहार टेलिफोनकडेच राहिला. बिनतारी यंत्राकडे सोबत तेवढी आली. ही वांटणी, नियमानें लादलेली असली तरी, वाईट झाली नाहीं.

मुठींत बसविलेल्या कळा दाबून चालतां चालतां लिहिण्याची सोयहि याच सायकलीवर झाली. येथें थांबला असता तर बरें झालें असतें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. पुढची 'बीहीमॉथ' बांधण्यांत वर्षें गेलीं. ती १९९१ सालीं पुरी झाली. तींत अनेक संगणक होते, उपग्रहाशीं बोलणें होतें, १०५ गतींचे दांते होते. आणि वजन ५८० पौंड, म्हणजे सुमारें सात बंगाली मण! घर सोडून निघालेल्या माणसाच्या मागें घराएवढेंच ओझें आलें. तिन्ही सायकलींवर मिळून सुमारें १७,००० मैल झाले. त्यांत या अवजड यंत्राचा वांटा हजाराच्या आसपास. पुढें त्याचें मन होड्यांकडे वळलें, आणि 'बीहीमॉथ' कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील संगणक-संग्रहालयांत जाऊन स्थिरावली.