वाद्यवृंदाकडून संगणकाकडे : मुंबईच्या गोमंतकीय वादकांची वाटचाल

यंत्राने वादकाच्या तोंडचा घास काढून घेतला, ही तक्रार संगणकाच्या काळात प्रथम ऐकू आली असे नव्हे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि पडदा बोलू लागला. तोवर मूकपटांना पडद्यापुढे बसून प्रत्यक्ष साथ देणारे वादक असत. शहरातील इंग्रजी वळणाच्या चित्रगृहांत पियानो आणि व्हायोलिन वाजविणाऱ्यांत गोमंतकीयही होते. पडद्याला कंठ फुटताच त्यांची गरज संपली. मात्र ज्या बोलपटाने एक दार लावले, त्यानेच काही वर्षांत दुसरे, अधिक मोठे दार उघडले. त्या दारातून आत गेलेल्या आपल्या बांधवांची ही हकीकत आहे.

हे दार त्यांनाच का उघडले, याचे उत्तर गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून उभ्या राहिलेल्या या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर दो-रे-मीचे पाठ मिळत. मेस्त हातात व्हायोलिन देत आणि पाच रेघांवरचे स्वर वाचावयास शिकवीत. हेतू मिस्सेच्या गायनाला साथ मिळावी, सण-समारंभ साजरे व्हावेत, एवढाच होता. पोटापाण्यासाठी मुलगा मुंबईस आला आणि धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकून कामाच्या शोधास लागला, की हीच वाचनविद्या त्याचे भांडवल ठरे. हिंदी चित्रपटांच्या बहुतेक संगीतदिग्दर्शकांची घडण आपल्या परंपरेत, म्हणजे कानाने शिकण्यात, झालेली होती. पन्नास वादकांनी एकाच क्षणी काय वाजवावे हे कागदावर उतरविण्यासाठी त्यांना दुसऱ्याची लेखणी लागे. ती लेखणी पुष्कळदा गोमंतकीयाच्या हाती असे.

आरंभी मात्र या मंडळींचे मन हॉटेलांतल्या जॅझमध्ये रमले होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवू लागले की लोकांना लुई आर्मस्ट्राँगची आठवण होई. पुढे इंग्रज गेले, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या मैफलींचा रंग उतरू लागला. वादक चित्रपटांकडे वळले ते काही हौसेने नव्हे. पण वळल्यावर त्यांनी तेथे जे केले ते थोडके नव्हते. आपले सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्या सहवासातून ‘अलबेला’ची (1951) ठेकेदार गाणी निघाली. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर लाहोरहून मुंबईस आले आणि शंकर-जयकिशनांच्या गाण्यांना त्यांनी व्हायोलिनांचा तो भरघोस डौल दिला. फ्रँक फर्नांड यांनी संयोजनाच्या जोडीने ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कोंकणी बोलपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर रचलेले वाद्यवृंदसंगीत सादर केले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे एक सामुदायिक कसोटीच होती. ताडदेवच्या फेमस किंवा फिल्म सेंटरमध्ये गायक, तबला, ढोलक, व्हायोलिनांच्या रांगा, पितळी वाद्ये असे सारे एकाच वेळी वाजत आणि एकाच फितीवर उतरत. शेवटच्या कडव्यात एखाद्याचा स्वर चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मोबदला पाळीच्या हिशेबाने, वादकाच्या दर्जानुसार मिळे. सिने म्युझिशियन्स असोसिएशन त्या दरांसाठी झगडत असे. पाळी संपली, पैसे हाती पडले, की वादकाचा त्या गाण्याशी संबंध संपला. ते गाणे पुढे पन्नास वर्षे वाजो की लाखो तबकड्या खपोत, त्याला त्यातील छदाम मिळत नसे. तबकडीवर त्याचे नाव नाही, श्रेयनामावलीतही बहुधा नाही. माझ्या मते या वर्गाची खरी दुखरी जागा ही होती. यंत्र पुष्कळ नंतर आले.

1977 साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात प्यारेलालांनी आपले व्हायोलिनचे गुरू गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचविले. स्वतः गोन्साल्विस मात्र साठोत्तरीतच अमेरिकेस गेले होते आणि चित्रपटांचे वादन त्यांच्या मागे पडले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्मातााच होय. संगीतकाराची ही गत, तर वादकाला कोण विचारतो!

यंत्राची चाहूल फार आधी लागली होती. ‘नागिन’ (1954) मधील ती सुप्रसिद्ध बीन बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लेव्हिओलाइन या विद्युत्‌वाद्यावर ती वाजविली होती. पुढे केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर आणला. तोही वाद्यवृंदात एक नवा रंग भरण्यापुरता. गणित बदलले ते 1983 नंतर. मिडी नावाची पद्धत आली आणि एका कळपट्टीवरून अनेक यंत्रे चालविता येऊ लागली. बहुपदरी मुद्रणामुळे वादकांनी एकत्र बसण्याचीही गरज उरली नाही. एकेकाने यावे, कानात ठोके ऐकत आपापला भाग वाजवावा आणि जावे. 1992 साली ‘रोजा’ आला. ए. आर. रहमान यांनी चेन्नईतील आपल्या घरच्या स्टुडिओत संगणकाच्या साहाय्याने जे घडविले, ते ऐकल्यावर चाळीस व्हायोलिनांचा खर्च कोण करणार? ज्यांनी उभे आयुष्य रांगेत बसून वाजविण्यात घालविले, त्यांची बोलावणी थांबली.

या पडझडीत टिकले ते कोण, हे पाहण्याजोगे आहे. लुई बँक्स यांनी जाहिरातींच्या अर्ध्या मिनिटात आपली विद्या ओतली. 1988 चे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ सर्वांच्या स्मरणात आहेच. रेमो फर्नांडिस यांचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. 1984 साली त्यांनी शिवोलीच्या घरी एका छोट्या चारपदरी यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत तयार केली. गीत, गायन, वाद्ये, मिश्रण, एवढेच काय, वेष्टनही स्वतःचे. मग स्कूटरवर फिती लादून ते दुकानोदुकानी फिरले. आज तरुण मंडळी घरच्या संगणकावर जे करतात, त्याचा पाठ एका गोमंतकीयाने इतक्या आधी घालून दिला होता. मुद्रणाचा मालक वादक स्वतःच, हा त्यातील खरा मुद्दा. बाकीचे पुष्कळजण लग्नसमारंभांत, गायकवृंदात आणि शिकवणीत राहिले. 2020 च्या महामारीत ही शिकवणी संगणकाच्या पडद्यावरून चालली.

आता गाणे तबकडीत किंवा फितीत विकले जात नाही. ते प्रवाहातून येते. स्पॉटिफाय भारतात 2019 साली आले, देशी मंच त्याआधीपासून होते. येथे हिशेब असा चालतो : वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेतून मंच आपला वाटा काढतो आणि उरलेली रक्कम एकूण श्रवणांतील हिश्शाप्रमाणे मुद्रणाच्या मालकांत वाटली जाते. एका श्रवणाचे मोल अत्यल्प असते. वादकाला त्यातील काही मिळेल की नाही हे मालकाशी झालेल्या करारावर ठरते. म्हणून स्वतःच्या मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक घेणे आणि सहवादकांची नावे नोंदविणे ही कामे आज रियाजाइतकीच निकडीची आहेत. मुलगा रात्री कळपट्टीवर बसलेला दिसला की त्याला हेही विचारावे.

कायद्यानेही थोडी कूस बदलली आहे. 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क प्रथम मान्य केला. 2012 च्या दुरुस्तीने त्याच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधन देऊ केले आणि सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही दिला. पण त्याच दुरुस्तीतील एक अट वादकांनी नीट वाचावी. चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेच येत नाही, त्याला, एक किरकोळ अपवाद वगळता, कायदा सादरकर्ता मानीत नाही. ताडदेवच्या त्या दालनांत पाळीचे पैसे घेऊन निमूटपणे घरी जाणाऱ्या वादकांची रूढी नेमकी हीच होती. तेव्हा आज कोणी मुद्रणास बोलाविले, तर दर ठरविण्याआधी आपले नाव कोठे आणि कसे छापले जाणार, हे लेखी मागून घ्यावे.