खेळाडूंची निवड, लाचखोरी आणि कायदा

यवतमाळ : महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुणाच्या हाती स्पर्धेचे प्रमाणपत्र पडते, तेव्हा त्या कागदाला मैदानाबाहेरही मोल येते. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय नोकऱ्यांत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण लागू केले. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष नव्याने ठरविण्यात आले. पद कोणत्या गटातील आहे, त्यानुसार कोणत्या पातळीवरील स्पर्धेतील कामगिरी ग्राह्य धरायची, हे त्यात निश्चित करण्यात आले आहे. संघनिवड, प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी या तिन्ही टप्प्यांवर कोणाची तरी स्वाक्षरी लागते. गैरव्यवहाराला वाव मिळतो तो याच स्वाक्षऱ्यांच्या ठिकाणी.

राज्यातील अनुभव

प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे सोपविलेली आहे. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात मोडतो. ट्रॅम्पोलिन, टम्बलिंग यांसारख्या फारशा परिचित नसलेल्या क्रीडाप्रकारांची बनावट प्रमाणपत्रे सादर करून नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि पडताळणीची यंत्रणाच संशयाच्या भोवऱ्यात सापडली. पुढे २०२२ मध्ये बनावट प्रमाणपत्रे स्वतःहून परत करण्यासाठी क्रीडा खात्याने मुदत दिली. आरक्षित जागा मोजक्याच असतात. त्यामुळे एका बनावट प्रमाणपत्राने एका खऱ्या खेळाडूची जागा जाते, आणि आपली जागा कोणी घेतली हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.

अमेरिकेतील गाजलेले प्रकरण

महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरीचा सर्वाधिक गाजलेला तपास अमेरिकेत झाला. २६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधील सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांचे साहाय्यक प्रशिक्षक त्यात होते. आपल्या खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागार व व्यवस्थापकांकडे वळविण्यासाठी त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप होता. या चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला.

तपासाची दुसरी बाजू क्रीडासाहित्य कंपनीशी निगडित होती. खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठाची निवड करावी यासाठी त्याच्या कुटुंबाला १ लाख डॉलर देण्याचे ठरले होते, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. आदिदास कंपनीचे अधिकारी जेम्स गॅटो यांच्यासह मर्ल कोड आणि क्रिश्चियन डॉकिन्स यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये दोषी ठरविण्यात आले. गॅटो यांना नऊ महिने, तर अन्य दोघांना प्रत्येकी सहा महिने कारावासाची शिक्षा झाली. लुईव्हिलचे प्रसिद्ध प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आला नाही, मात्र त्यांना पद गमवावे लागले.

त्या काळी तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना मानधन घेण्यास मनाई होती. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. प्रशिक्षकाने लाच घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

खासगी संस्था कायद्याच्या कक्षेत येतात का?

अमेरिकेत वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला लाचखोरीचा संबंधित कायदा लागू होतो. त्यामुळे खासगी विद्यापीठांचे प्रशिक्षकही त्यातून सुटले नाहीत.

भारतात भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ हा लोकसेवकांना लागू आहे. विद्यापीठाचे कुलगुरू, अध्यापक व कर्मचारी यांचा, तसेच शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचा व कर्मचाऱ्यांचा समावेश लोकसेवकाच्या व्याख्येत आहे. अभिमत विद्यापीठेही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात दिला. अनुदानित महाविद्यालयातील क्रीडा शिक्षकाने संघनिवडीसाठी पैसे मागितले, तर ‘हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे’ असे म्हणून तो विषय संपत नाही.

लाच घेणाऱ्या लोकसेवकास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. लोकसेवकावर वजन वापरून काम करवून देण्यासाठी पैसे घेणाऱ्या मध्यस्थालाही तेवढीच शिक्षा होऊ शकते. बनावट प्रमाणपत्राच्या प्रकरणात फसवणूक व बनावटीकरणाचे गुन्हेही दाखल होतात.

पालकांनी लक्षात घ्यावे असे

कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बळजबरीने लाच द्यावी लागली असल्यास, ती दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळविणाऱ्याला संरक्षण मिळते. ‘मुलाचे नुकसान होईल’ या भीतीने महिनाभर गप्प राहिलेला पालक हे संरक्षण गमावून बसतो.

पैशांची मागणी होताच, ते देण्यापूर्वी तक्रार करणे सर्वांत सुरक्षित. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तक्रार आल्यावर विभाग प्रथम पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो. त्यानंतर फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी लावलेल्या नोटा देऊन सापळा रचला जातो. नोटा स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविल्यावर ते गुलाबी होते. मात्र नोटा हातात आल्या एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पैशांची मागणीही न्यायालयात शाबीत व्हावी लागते. त्यामुळे मागणी केव्हा, कोठे आणि कोणत्या शब्दांत झाली, याची नोंद तक्रारदाराने त्याच दिवशी करून ठेवणे उपयुक्त ठरते.

तक्रारीविना होणारे नुकसान खेळाडूचेच असते. चार-पाच वर्षे पहाटे उठून केलेला सराव, त्यातून मिळालेले प्रमाणपत्र आणि त्यावर अवलंबून असलेली नोकरी, हे सारे पडताळणीच्या एका स्वाक्षरीवर येऊन ठेपते. ती स्वाक्षरी विकत मिळू लागली, तर खऱ्या प्रमाणपत्रालाही कागदाचीच किंमत उरते.