कागदाचा पाहुणा

टेंभुर्णी हे गाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी पाहिलेले आहे. पण बहुतेकांनी ते एस. टी.च्या खिडकीतून पाहिले आहे. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग गावाजवळून जातो. येथूनच एक वाट पंढरपूरकडे वळते, एक करमाळ्यावरून नगरकडे जाते आणि एक कुर्डुवाडी, बार्शीकडे निघते. प्रवासी फाट्यावर उतरतो, चहा घेतो, गाडी बदलतो आणि निघून जातो. 'टेंभुर्णी पाहायला आलो आहे' असे म्हणणारा मनुष्य माझ्या इतक्या वर्षांच्या वास्तव्यात मला भेटला नव्हता. असा पहिला पाहुणा २०२४ सालच्या उन्हाळ्यात आला. तो टपालाने आला आणि तो कागदाचा होता.

कॅनडात स्थायिक झालेल्या एका परिचित कुटुंबाकडून ते पाकीट आले होते. आत वीतभर उंचीचा, रंगीत खडूंनी रंगवलेला, कात्रीने कापलेला एक कागदी मुलगा होता. सोबत आठ वर्षांच्या नातवाची चार इंग्रजी वाक्ये आणि त्याच्या आजीचे मराठी पत्र होते. शाळेने प्रत्येक मुलाला असा एक कागदी मुलगा करून दूरच्या माणसाकडे पाठवायला सांगितले होते. ज्याच्याकडे तो जाईल, त्याने त्याला आपला मुलूख दाखवावा आणि काय काय पाहिले ते मुलाला पत्राने कळवावे, अशी ती योजना. आजींनी लिहिले होते, 'फादर, पत्रे मराठीतच लिहा. मी वाचून दाखवीन.' आणि शेवटी, जणू सहज सुचले म्हणून, एक ओळ होती : 'जमले तर त्याला आमचे घर दाखवा.'

आजींचे घर उजनीच्या पाण्याखाली आहे, हे मला ठाऊक होते. नातवाला ते ठाऊक नव्हते.

या कागदी मुलाची कुळकथा मी मग शोधून वाचली. जेफ ब्राऊन या अमेरिकन लेखकाने १९६४ साली 'फ्लॅट स्टॅन्ली' नावाचे लहानसे पुस्तक लिहिले. स्टॅन्ली लॅम्बचॉप हा मुलगा रात्री झोपलेला असताना भिंतीवरचा जड फलक त्याच्या अंगावर पडतो आणि सकाळी तो अर्धा इंच जाडीचा होऊन उठतो. मग तो दाराच्या फटीतून आत-बाहेर जातो, धाकटा भाऊ त्याला पतंगासारखा उडवतो आणि आईवडील त्याला चक्क पाकिटात घालून कॅलिफोर्नियातल्या मित्राकडे पाठवतात. रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट परवडत नाही, टपालाचे परवडते! शेवटी चपटेपणाचा कंटाळा आलेल्या स्टॅन्लीला भाऊ सायकलच्या पंपाने हवा भरून पूर्ववत करतो. पुढे १९९५ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन गावच्या डेल ह्युबर्ट या शिक्षकाने या कथेतला पाकिटाचा प्रसंग उचलला. मुलांना पत्रे लिहायची सवय लागावी हा त्याचा साधा हेतू. पाहता पाहता ती कल्पना अनेक देशांतल्या शाळांत पसरली.

हे वाचल्यावर वाटले की कल्पना नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेली माणसाची भूक फार जुनी आहे. मी जे पाहिले ते घरी असलेल्या माझ्या माणसालाही दिसावे, ही ती भूक. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा आद्य पुरुष म्हणून ज्यांना आपण मानतो, ते फादर थॉमस स्टीफन्स या देशात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच पत्र लिहायला बसले. १५७९ सालच्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना समुद्रप्रवासाची सगळी हकीकत लिहिली. पंख असलेले मासे, जमीन जवळ आल्याची खूण देणारे पक्षी, पूर्व-पश्चिम अंतर मोजताना नावाड्यांची होणारी अडचण, खलाशांचे आजार, सारे त्यात आहे. तेथे लेक लिहितो आणि बाप वाचतो, एवढाच काय तो फरक. हाच मनुष्य पुढे मराठी भाषेत रमला आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. पाहिलेले नीट सांगण्याची हौस आधी आणि महाकाव्य मागून, असा तो क्रम आहे.

मोठ्याने लहानाला लिहिलेल्या पत्रांचा विचार करताना पंडित नेहरूंचे नाव प्रथम येते. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. त्या पत्रांत पृथ्वीचा आणि मानवाचा प्रारंभ सांगितला आहे. १९२९ साली त्यांचे पुस्तक झाले. पण मराठी मनाला अधिक जवळची आहेत ती साने गुरुजींची पत्रे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपली पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहू लागले. पुढे ती 'सुंदर पत्रे' या नावाने संग्रहित झाली. पत्र एका मुलीला, पण वाचणारी मुले महाराष्ट्रभरची. गुरुजी सतत फिरतीवर असणारे गृहस्थ. निसर्ग, माणसे, वाचलेली पुस्तके, देशाची सुखदुःखे हे सारे त्यांच्या लेखणीतून सुधापर्यंत जाई. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली आणि पत्रे थांबली. त्या अंताविषयी मी येथे काही बोलणार नाही. एवढेच म्हणतो की ज्याच्या मनात इतका अंधार दाटून येत होता, त्याने एका मुलीसाठी जग सुंदर करून सांगण्याचे काम सोडले नव्हते.

गुरुजींचे नाव मला आणखी एका कारणाने आठवले. कागदी पाहुण्याला घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो पंढरपूरला. टेंभुर्णीहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात तेथे प्राणांतिक उपोषण केले होते. महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून मेलेल्या त्या संताला जिवंतपणी दाराच्या आत जाता आले नाही. मी त्या समाधीजवळ कागदी मुलाला धरून उभा राहिलो. फुलवाल्या बाईने विचारले, 'हे कुणाचं लेकरू?' मी म्हणालो, 'परदेशातून आलंय, बघायला.' तिने एक तुळशीचे पान त्याच्या पाकिटात टाकले. आठ वर्षांच्या मुलाला मी चोखोबांची गोष्ट लिहिली. लिहिताना क्षणभर हात थांबला होता. देवाच्या दारात माणसाला अडवले गेले, हे परक्या देशातल्या मुलाला कशाला सांगायचे? मग ज्या माणसाने ते दार उघडावे म्हणून अन्न सोडले त्याचीही गोष्ट लिहिली आणि पत्र पुरे झाले.

दुसरे पत्र कुर्डुवाडीचे. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची आगगाडी १८९७ साली येथून बार्शीपर्यंत धावू लागली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे ते स्वप्न. पुढे तिचे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचले. आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. पण जुन्या लहान गाडीच्या डब्यात बसून वारीला गेलेली माणसे अजून आहेत आणि ती बोलू लागली की थांबत नाहीत.

तिसरे पत्र खुद्द गावाचे. टेंभुर्णी हे मुळात झाडाचे नाव. त्याच्या पानांची विडी वळली जाते. पेशवाईच्या अखेरीस नावारूपाला आलेल्या सदाशिवराव माणकेश्वरांच्या नावाशी येथली गढी जोडलेली आहे. तिच्या सावलीत आम्ही दोघे बसलो. शेजारी बकऱ्या होत्या. त्यांतल्या एकीने पाहुण्याचा उजवा हात चावला. तो अपघात मी पत्रात प्रामाणिकपणे नोंदवला.

चौथे सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. तेथे जखमी सैनिकांची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मुलाचे नाव यिन्हुआ. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली आहेत. वडील गेले तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता. ज्या बापाजवळ लेकराला सांगण्यासारखे एवढे होते, त्याला तशी संधीच मिळाली नाही. त्या घरासमोर उभा असताना मला आजींची ती शेवटची ओळ पुन्हा आठवली आणि पाचवे पत्र टाळता येणार नाही हे कळून चुकले.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक 'मृत साठा' मानला जातो. त्याच्याही खाली पाणी गेले की वर्तमानपत्रे 'उणे' टक्के छापू लागतात. २०२४ च्या मे महिन्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. पुणे रस्त्याने इंदापूर मागे टाकल्यावर पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येऊन उभे होते. कोरीव खांब, शिखर. पाहणाऱ्यांची गर्दी लोटली होती. मी तेथे कागदी मुलाचे छायाचित्र घेतले. क्षणभर मोह झाला की हेच पाठवावे. 'हे बघ, तुझ्या आजीच्या मुलखातले सुंदर मंदिर.' त्यात खोटे काही नव्हते. पण आजींनी मंदिर मागितले नव्हते.

आजींच्या गावच्या एका वृद्ध शेतकऱ्याला सोबत घेऊन आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. जोत्याचे दगड, विहिरीचे कडे, फुटक्या रांजणाचे तुकडे. बाबा थांबले, बोट केले आणि म्हणाले, 'त्या बाभळीच्या खुंटापासनं दोन कासरे पुढं. तितं त्यांची वसरी हुती.' नंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आमी उटलो, म्हणून सोलापूरला पाणी मिळालं, ऊस पिकला. पर आमाला इचारलं कुनी?' पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांचा थवा उतरला होता, गुलाबी आणि शांत.

त्या रात्री मी पाचवे पत्र तीनदा लिहिले. पहिल्यात फक्त पक्षी होते. दुसऱ्यात फक्त गाळ होता. तिसऱ्यात दोन्ही आले. तुझ्या आजीचे घर येथे होते, असे लिहिले. ते मोडले, कारण पुष्कळांना पाणी हवे होते. ते पाणी अजूनही पुष्कळांना मिळते. आणि ज्यांची घरे गेली त्यांचे दुःखही अजून आहे. सोबत जोत्याचा एक खडा कागदात गुंडाळून ठेवला. पाहुण्याच्या चावलेल्या हाताला चिकटपट्टी लावली आणि पाकीट बंद केले.

उत्तर ऑगस्टमध्ये आले. आजींनी लिहिले होते की पाचवे पत्र त्यांनी दोन दिवस नातवाला वाचून दाखवलेच नाही. स्वतःच वाचत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, 'तुझं घर नाही दाखवलं का त्यांनी?' तेव्हा त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत मुलांनाही न सांगितलेले सगळे सांगितले. वसरीवर कोण बसे, चूल कोणत्या भिंतीला होती, गाव सोडताना जात्याचे काय केले. मुलाने सारे ऐकून घेतले आणि त्या घराचे चित्र काढून शाळेत नेले. चित्राची एक प्रत माझ्यासाठी होती. घर निळ्या पाण्यात होते, दार उघडे होते आणि दारात चिकटपट्टी लावलेल्या हाताचा एक कागदी मुलगा उभा होता.

पत्र माझ्या हाती पडले त्या सुमारास उजनी पुन्हा काठोकाठ भरली होती. मी ते चित्र घेऊन त्या बाबांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, 'दार पूर्वेला हुतं. पोराला कळवा.'

मी त्याच दिवशी कळवले.