देशपांडे, वसंतराव : मैफलींची ध्वनिमुद्रणे व समीक्षा

हिंदुस्थानी रागसंगीतात गायकाची खरी कसोटी मैफलीत लागते. मैफलीतील आविष्कार त्या प्रसंगापुरता असल्याने जुनी संगीतसमीक्षा मुख्यतः श्रोत्याच्या स्मृतीवर विसंबून होती. भारतात १९०२ पासून ध्वनिमुद्रणे होऊ लागली. तथापि मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन ते साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. दीर्घवादन तबकडी (१९४८) व ध्वनिफीत (१९६३) यांमुळे विस्तृत ख्याल जतन करणे सुलभ झाले आणि समीक्षेलाही नवे साधन लाभले. वसंतराव देशपांडे (२ मे १९२०–३० जुलै १९८३) यांच्या गायनाचा विचार या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

त्यांचा जन्म मूर्तिजापूर (जि. अकोला) येथे झाला. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे लाहोर येथे असद अली खाँ यांच्याकडून त्यांना मारवा रागाची तालीम मिळाली. सुरेशबाबू माने व अमान अली खाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. मास्टर दीनानाथ यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा होता. लष्करी लेखा विभागात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. नागपूरचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या कट्यार काळजात घुसली (१९६७) या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली. सर्वसामान्य श्रोत्यांच्या मनातील त्यांची प्रतिमाही मुख्यतः नाट्यगीतांशी निगडित राहिली.

मराठी समीक्षेत घराण्याची चौकट प्रभावी होती. वामनराव देशपांडे यांच्या घरंदाज गायकी (१९६१) या ग्रंथात स्वर व लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांची मीमांसा केलेली आहे. अनेक गुरूंकडून विद्या घेतलेल्या वसंतरावांची गायकी अशा चौकटीत सहज बसत नाही. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे त्यांचे उद्‌गार सांगितले जातात.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांमुळे हा प्रश्न पुन्हा तपासता येतो. चपल व अनपेक्षित वळणांच्या ताना, लयीशी चाललेली क्रीडा आणि तीव्र भावावेग हे त्यांच्या गायनाचे विशेष त्यांत सलग प्रत्ययास येतात. प्रत्यक्ष मैफलीत स्वैर वाटलेली जागा पुन:पुन्हा ऐकता तिच्यामागील रागाचे भान व समेचा अंदाज स्पष्ट होतो. त्याचबरोबर आवेगाच्या भरात विस्ताराचा तोल ढळला असल्यास तेही लपत नाही.

मात्र या साधनालाही मर्यादा आहेत. मरणोत्तर प्रकाशनात निवडीचा अधिकार कलावंताकडे राहत नाही. श्रोत्यांची दाद ऐकू येते. पण गायक व श्रोते यांच्यातील दृष्टिभेट ध्वनिमुद्रणात उतरत नाही. एका मैफलीवरून साऱ्या गायकीविषयी निर्णय देणेही योग्य ठरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण हे स्मृतीला पर्याय नसून तिची पडताळणी करणारे साधन होय. केवळ रंगभूमीवरील यशाच्या आधारे वसंतरावांचे मूल्यमापन अपुरे राहते, याची साक्ष मात्र ही ध्वनिमुद्रणे निश्चितपणे देतात.