दहावी पेंढी आणि देवाची जमीन



मी विडीकामगारांत काम करणारा मनुष्य आहे. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. शाळा सातवीतच सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर. म्हणून आज इतिहासावर बोलताना मी कामगाराच्याच एका शंकेचे बोट धरून जाणार आहे. विडीची मजुरी हजारावर ठरते. पण हजार कोणी मोजायचा आणि त्यातून छाट किती काढायची, हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती खरी मजुरी. जमिनीच्या आकारणीचेही असेच आहे. हिस्सा किती, एवढे विचारून भागत नाही. मोजताना कोण हजर होते आणि कोणाचे नाव लिहिले गेले, हेही विचारावे लागते.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. आज आपण त्याला अहिल्यानगर म्हणतो. अहमदनगरचा किल्ला १६०० साली मोगलांनी घेतला, तरी निजामशाही लगेच बुडाली नाही. मलिक अंबर या हबशी कारभाऱ्याने ती १६२६ साली मरेपर्यंत तगवून धरली. त्याने वसुलीचा मक्ता देण्याची चाल मोडली. पिके पाहून सरकारचा हिस्सा धान्यात ठरविला आणि काही हंगामांनंतर त्याऐवजी रोख रक्कम बांधून दिली. धान्याचा हिस्सा पाचात दोन होता आणि रोख रक्कम सुमारे एक तृतीयांशाच्या बरोबरीची होती, असे परंपरा सांगते. त्याच्या धाऱ्याचे नाव पुढे कित्येक पिढ्या निघत राहिले. शेतकऱ्याला थोडे देणे आवडते हे खरे. पण किती द्यायचे ते आधी कळणे त्याला त्याहून मोलाचे वाटते.

आता नेमक्या याच वर्षांतली एक परदेशची हकीकत ऐका. स्कॉटलंडात धर्मासाठी उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची जुनी रीत होती. त्याला तिकडे ‘टाइंड’ म्हणत. १५६० साली तेथे धर्मक्रांती झाली. पण हा दहावा भाग बंद झाला नाही. तो पुष्कळ ठिकाणी सरदारांच्या हाती गेला. नाव देवाचे आणि कोठार सरदाराचे! शेतात कापणी झाली की दहावी पेंढी निवडून नेण्याचा हक्क त्यांचा. तो मनुष्य येईपर्यंत शेतकऱ्याने माल हलवायचा नाही. वर आभाळ भरून आले तरी पेंढ्या शेतातच. ज्याने खळ्यावर सरकारी माणसाची वाट पाहिली आहे, त्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

राजा पहिला चार्ल्स याने १६२७ साली याच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १६३३ साली कायदा झाला. जमिनीच्या खंडाचा पाचवा भाग म्हणजे ‘टाइंड’, असे मूल्य ठरले. पेंढ्या ओढून नेणे बंद झाले. जमीनमालकाला नऊ वर्षांच्या रकमेइतकी किंमत भरून हा हक्क विकत घेण्याचीही सोय झाली. सुधारणा चांगली होती यात शंका नाही. पण एकदा कागदावर आकडा बसला की तो तिथेच राहिला. खंड मात्र वाढत गेला. ती वाढ धर्मोपदेशकाला मिळाली नाही, कसणाऱ्यालाही मिळाली नाही; ती मालकाच्या घरी गेली. कारण राजा, सरदार, धर्मसंस्था आणि मालक हे हिशेबाला बसले होते. कुळाला कोणी बोलावलेच नव्हते.

आपल्याकडे देवाचा भाग दोन वाटांनी जाई. एक वाट खळ्यावरची. रास पडली की बलुतेदारांबरोबर गुरव आणि मुलाणाही आपला वाटा घेऊन जात. दुसरी वाट इनामाची. राजाने आपला सारा देवस्थानाला सोडला की कसणारा सरकारऐवजी देवस्थानाकडे भरणा करी. इंग्रजांनी १८३६ पासून, विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीने, मातीचे सोळा आणे, चौदा आणे, बारा आणे असे वर्ग पाडून तीस-तीस वर्षांचा धारा बांधला. १८५२ च्या कायद्याने इनामांच्या सनदा तपासल्या. १८६३ च्या कायद्याने धर्मसंस्थांच्या इनाम जमिनी हस्तांतरित करण्याला बंदी घातली. देवाची जमीन पुजाऱ्याने किंवा पंचांनी विकून खाऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण येथेही हिशेब सरकार आणि इनामदार या दोघांतच झाला.

स्वातंत्र्यानंतर खासगी इनामे १९५२ च्या कायद्याने गेली, महारवतने १९५८ च्या कायद्याने गेली. देवस्थान इनामे राहिली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कायद्याने कूळ मालक झाले. परंतु नोंदलेल्या विश्वस्त संस्थेची जमीन असेल आणि तिचे सारे उत्पन्न पूजाअर्चेसाठी लागत असेल, तर कुळकायद्याच्या ८८-ब कलमाने खरेदीचा हा हक्क त्या जमिनीला लावला नाही. बांधाच्या अलीकडचा मालक झाला, पलीकडचा कूळच राहिला. दोघांचे बैल सारखे, घाम सारखा; फरक एवढाच की एकाच्या शेताचा मालक मनुष्य होता आणि दुसऱ्याच्या शेताचा देव.

मी देवाविरुद्ध बोलत नाही. देवळातला नंदादीप तेवत राहिला पाहिजे. पण दिव्याला तेल लागते, जमीन लागत नाही. देवस्थानाला वर्षासन बांधून देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. वर्षासन ठरवावे आणि जमीन कसणाऱ्याच्या नावे करावी. कोणी म्हणेल, महागाईत रोख वर्षासन वितळून जाईल. शंका बरोबर आहे, आणि तिचे उत्तरही स्कॉटलंडातच सापडते. १८०८ साली तेथे धर्मोपदेशकाचे वेतन धान्याच्या मापात ठरविण्याचा कायदा झाला. दर वर्षी प्रांताचा धान्याचा भाव जाहीर होई आणि त्या भावाने रोख रक्कम दिली जाई. मग आपल्याकडे वर्षासन ज्वारीच्या मापात ठरवून भावाप्रमाणे देण्याला अडचण कसली? देवाचा भाग बुडत नाही आणि कुळाची जमीनही अडत नाही.

मलिक अंबरापासून आजपर्यंत मोजणी पुष्कळदा झाली. साखळ्या बदलल्या, वह्या बदलल्या. पुढच्या वेळी वही उघडेल तेव्हा कसणारा बांधावर उभा नसावा. तो हिशेबाच्या सतरंजीवर बसलेला असावा. एवढे मागून मी आपली रजा घेतो.